मोडीच्या भावात

भंगारवाल्याच्या तराजूत नांगराचा फाळ आणि शेफील्डचा चाकू एकाच भावाने मोजला जातो. लोखंड म्हणजे लोखंड. पाते कुणी घडवले, मूठ कशाची आहे, कोणत्या काळात समुद्र ओलांडून ही वस्तू इकडे आली, हे तराजूला कळत नाही आणि ते त्याचे कामही नाही. आम्हाला मात्र गेली वीसेक वर्षे याच गोष्टींचा नाद लागलेला आहे. खिशात मावणारे, मिटवायचे जुने चाकू आम्ही शोधतो. शक्य तेवढ्या स्वस्तात शोधतो, कारण महागाचे घेण्याची आमची ऐपत नाही.

आम्ही म्हणजे तिघे. एक उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्टरसाहेब, दुसरे जिनिंगमध्ये हयात घालवलेले मिस्त्री आणि तिसरा हे लिहिणारा. राहणार धामणगाव रेल्वे, जिल्हा अमरावती. नावातला 'रेल्वे' हा शब्द लिहावाच लागतो, कारण वऱ्हाडात धामणगावे पुष्कळ. अचलपूरकडे धामणगाव गढी आहे, बुलढाण्यात धामणगाव बढे आहे. गढीमुळे ते गाव ओळखले जाते, तसे आमचे गाव रेल्वेमुळे. मास्टरसाहेबांनी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली आहे. तिच्यात रकाने पाच : तारीख, कुठे मिळाला, काय दिले, चाकूचे काम काय, आणि शेरा. चौथा रकाना भरल्याशिवाय ते चाकूला पेटीत जागा देत नाहीत. हा चाकू कशासाठी केला होता ते सांगा, मगच तो आपला, असा त्यांचा दंडक.

लोक विचारतात, अशा वस्तू धामणगावात कुठून येणार? त्या मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात मिळायच्या. खरे आहे, तिथे मिळतात. पण तिथल्या दुकानदाराला किंमत आपल्याआधी ठाऊक असते. आमच्या भागात वस्तू आहे आणि तिची ओळख पुसली गेली आहे. वस्तू आली त्याचे कारण कापूस. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोचला. यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांनी धामणगावच्या स्टेशनावर येऊ लागला. जिन-प्रेस उभ्या राहिल्या. रॅली ब्रदर्स, स्वित्झर्लंडची व्होल्कार्ट ब्रदर्स अशा कंपन्यांचे लोक वऱ्हाडातल्या कापसाच्या बाजारात वावरू लागले. कापूस त्या वाटेने गेला आणि परतीच्या वाटेने विलायती माल आला. घड्याळे आली, कंदील आले, कुलपे आली, कात्र्या आल्या आणि चाकूही आले. दिवाणजीला लेखणी तासायला चाकू लागे, दलालाला गाठीची सुतळी कापून नमुना पाहायला चाकू लागे, बागाईतदाराला कलम करायला लागे. पुढे दुसरे महायुद्ध संपले आणि लष्कराचा उरलेला माल 'डिस्पोजल' या नावाने देशभर विकला गेला. त्यात फौजी चाकूही होते. हे सगळे कुठे गेले? कुठेही गेले नाही. माळ्यावरच्या पेट्यांत, देवळीत, शिलाई मशीनच्या खणात, खिळे-मोळे ठेवायच्या डब्यात पडून राहिले. जुना वाडा पडतो किंवा वाटण्या होतात, तेव्हा हे डबे भंगारात जातात. आम्ही त्या डब्यांची वाट पाहणारे लोक.

शोधायची रीत साधी आहे. आठवडी बाजारात जमिनीवर पोते अंथरून जुन्या वस्तू विकणारे दोन-चार जण प्रत्येक गावी असतात. चांदूर रेल्वे, पुलगाव, आर्वी, तिवसा, मोर्शी, बडनेरा अशी आमची फेरी. सकाळी लवकर जायचे. थेट चाकूला हात घालायचा नाही, आधी पाना उचलायचा, मग बिजागरी, मग चाकू. ही युक्ती जगभरच्या जुन्या बाजारांत चालते आणि विकणाऱ्यालाही ती पाठ असते. तोही आपल्या पान्याकडे बघून गालात हसतो. मग दोघेही नाटक पुरते वठवतात.

चाकू हाती आला की मिस्त्री तो उघडत नाहीत, आधी बाजूने पाहतात. पाते मुठीत मधोमध बसले आहे की एका अंगाला घासते? पाठीची कमान, म्हणजे पाते दाबून धरणारी पोलादी पट्टी, सरळ आहे की उचललेली? मग नखाच्या खाचेत नख घालून उघडतात आणि कान देतात. चांगल्या चाकूला उघडताना व मिटताना 'खट्' असा स्वच्छ आवाज असतो. कमान मेली असेल तर आवाज येत नाही, आणि मेलेली कमान बदलणारा कारागीर आता मिळत नाही. शेवटी पाते पाहायचे. वरचा तांबूस गंज काही बिघडवत नाही, तो तेलाने आणि चिकाटीने निघतो. गंजाने खड्डे पाडले असतील तर ते निघत नाहीत. वर्षानुवर्षे दगडावर घासून पाते निम्मे झिजले असेल तर शौकीन लोक त्याला नाक मुरडतात. आम्ही मुरडत नाही. झिजलेल्या पात्यावर त्याच्या धन्याचा हात दिसतो. पोट झिजले असेल तर तो चाकू ओढून कापणाऱ्याचा, टोक झिजले असेल तर टोचणाऱ्याचा, आणि मुळाशी खाच पडली असेल तर रोज सुतळी तोडणाऱ्याचा.

नाव असते पात्याच्या मुळाशी, जिथे धार सुरू होत नाही तिथे. भिंग लागते. चांदणी आणि तिच्याशेजारी माल्टाचा क्रॉस दिसला तर तो शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा. 'आय', चांदणी, 'एक्स', 'एल' अशी अक्षरे दिसली तर जॉर्ज वोस्टनहोमचा. ती अक्षरे इंग्रजीत भराभर वाचली की 'मी सरस आहे' असा अर्थ निघतो, म्हणून तो छाप. झाड दिसले तर झोलिंगेनच्या बोकरचा, जुळे भाऊ दिसले तर हेन्केल्सचा. काळ ओळखायच्याही खुणा आहेत. मुकुटाच्या दोन बाजूंना 'व्ही' आणि 'आर' असतील तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, म्हणजे १९०१ पूर्वीचा. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्यात आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, तेव्हापासून 'इंग्लंड' हा शिक्का सर्रास दिसू लागतो. पात्यावर 'स्टेनलेस' लिहिले असेल तर तो १९१३ नंतरचा, कारण शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने ते पोलाद त्या साली केले. 'पश्चिम जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० मधला. स्विस चाकूवरच्या व्हिक्टोरिनॉक्स या नावात तर एक आईच आहे. कार्ल एल्झेनरने १८८४ साली कारखाना काढला, आईचे नाव व्हिक्टोरिया. ती वारल्यावर त्याने तिचे नाव मालावर घातले आणि १९२१ साली त्याला गंज न चढणाऱ्या पोलादाचे 'इनॉक्स' जोडले. ही गोष्ट मास्टरसाहेब बाजारात कुणालाही ऐकवतात. खेडूत बायकांना ती फार आवडते.

आमचे मास्टरसाहेब भाषेचे माणूस. त्यांचे म्हणणे, चाकू हा शब्द फारसीतून आला, सुरी संस्कृतातून आली आणि वऱ्हाडी माणसाच्या घरात दोघी-दोघे सुखाने नांदतात. पेटीतला त्यांचा सगळ्यांत लाडका चाकू हा जेमतेम बोटभर पात्याचा, हाडाच्या मुठीचा आहे. त्याला ते चाकू म्हणू देत नाहीत, कलमतराश म्हणायचे. बोरूची लेखणी तासण्यासाठी केलेले पाते ते कलमतराश. इंग्रजही छोट्या चाकूला लेखणीचा चाकू म्हणतात, कारण त्यांच्याकडे पिसाची लेखणी तासावी लागे. उर्दू शाळेत मास्टरसाहेब लहानपणी लाकडी तख्तीवर बोरूने लिहीत. टोक तिरपे छाटले तरच अलिफ उभा राहतो आणि बेची नाव पाण्यावर नीट तरंगते, असे ते सांगतात. खुशखत लिहिणाऱ्या कातिबांकडे लेखणीचे टोक ठेवून छाटायला हस्तिदंताची वा हाडाची पट्टी असे, तिला मक्ता म्हणत. हा कलमतराश त्यांना मूर्तिजापूरच्या एका भंगाराच्या दुकानात तीस रुपयांना मिळाला. विकणाऱ्याला वाटले, कान कोरायचे काहीतरी असावे.

धारेचा धंदाही भाषेने आमच्याशी जोडलेला आहे. शिकलगार हे आडनाव महाराष्ट्रातल्या मुसलमानांत सर्रास आढळते. मूळ शब्द सैकलगर, म्हणजे शस्त्राला झिलई देणारा. मोठ्या सणाच्या आधी सायकलीला सहाण बसवलेला धारवाला मोहल्ल्यात येतो, तेव्हा अजूनही त्याच्याभोवती गर्दी होते. जनावराला त्रास होऊ नये म्हणून सुरी उत्तम धारेची असावी आणि ती त्याच्या डोळ्यांसमोर पाजळू नये, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मिस्त्री म्हणतात, धारेचा पहिला सबक हाच : पाते हाती घेणाऱ्याने समोरच्याचा विचार आधी करायचा.

काही चाकू आम्ही घेत नाही. हस्तिदंताच्या मुठीचा दिसला तर हात जोडतो. भारतातला त्याचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीने बंद झाला आणि आफ्रिकी हस्तिदंताचाही १९९१ च्या दुरुस्तीने. सांबरशिंगाच्या मुठीचे तसेच. एके काळी आपल्याकडची सांबरशिंगे शेफील्डला जात, तिथे मुठींवर बसत आणि चाकू होऊन परत येत. अशी मूठ हातात फार सुंदर बसते. पण वन्यजीव कायद्याने त्या शिंगाची खरेदी-विक्री बंद आहे. आम्ही पाहतो, विकणाऱ्याला कायदा सांगतो आणि खाली ठेवतो.

आता खिशाचा प्रश्न. चाकूचा शौक आणि आमची नावे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की लोकांच्या डोळ्यांत काय येते ते आम्हाला ठाऊक आहे. हिंदी सिनेमाने रामपुरीला एवढे गाजवले की चाकू म्हटले की खटका दाबणारा गुंडच डोळ्यांसमोर येतो. खुद्द रामपूर शहरात २०२३ साली चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारला आणि त्याला चाकू चौक नाव दिले. चौकातल्या चाकूसमोर फोटो काढतात, खिशातल्या चाकूसाठी झडती घेतात. आम्ही तक्रार करत नाही, नियम पाळतो. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते परवान्याच्या कक्षेत धरले आहे. निव्वळ घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. १९६२ च्या नियमांत ही तरतूद होती, २०१६ च्या नियमांतही आहे. आमच्या पेटीतले सगळ्यांत लांब पाते सहा इंचांचे. शिवाय सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो. तो पेपरात वाचला की आमची फेरी बंद. पेटीला कुलूप, किल्ली मास्टरसाहेबांच्या घरी.

तरीही एकदा प्रसंग आलाच. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या स्टेशनावर आम्ही परतीच्या गाडीची वाट पाहत होतो. पिशवीत फडक्यात गुंडाळलेले तीन चाकू होते. तपासणी झाली. तरुण शिपायाने फडके उलगडले आणि नाव विचारले. मिस्त्रींनी सांगितले. त्याने पुन्हा विचारले. ओळखपत्र पाहिले, मग आमच्या दोघांचीही पाहिली. "चाकू कायले पायजे तुमाले? तीन-तीन?" मास्टरसाहेब शाळेत समजावत तसे समजावू लागले, पण शेफील्ड आणि झोलिंगेन या शब्दांनी प्रकरण सुटण्याऐवजी अधिकच संशयास्पद होत गेले. भोवती माणसे जमू लागली. तेवढ्यात एक वयस्कर हवालदार आले. त्यांनी तिन्ही चाकू पाहिले आणि मधला उचलला. त्याच्या मुठीच्या शेवटी हाडाची चपटी जीभ होती. हवालदारांनी त्या जिभेवर अंगठा फिरवला, हवेत साल उचलल्यासारखी हालचाल केली आणि म्हणाले, "हा त डोये भरायचा चाकू हाये. आमच्या घरी होता. संत्र्याच्या कलमा बांधे आमचा बुढा." मग आम्हाला म्हणाले, "गुंडाळून ठेवा जी. वर नोका ठेऊ."

गाडीत आम्ही बराच वेळ बोललो नाही. पुलगाव मागे पडले, वर्धा नदीचा पूल आला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "वो संत्रेवाला नहीं आता तो?" मास्टरसाहेबांनी उत्तर दिले नाही. तेव्हापासून बाजाराला जाताना ते वही बरोबर घेतात. चौथा रकाना कुणी विचारला तर दाखवता यावा म्हणून.

आता भावाविषयी. स्वस्तात मिळवण्याची मजा खोटी नाही. दहा रुपयांच्या ढिगातून बाणाच्या शिक्क्याचा फौजी चाकू निघतो. तो बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. त्यावर १९४३ साल असते, पाठीला गाठी सोडवायची जाड पोलादी सुई असते. तो हाती आला की छाती धडधडते. तिघांनी एकमेकांकडे पाहायचे नाही असे ठरलेले असते आणि तिघेही पाहतात. पण पहिल्या दोन-तीन वर्षांतच मास्टरसाहेबांनी एक प्रश्न काढला. मोल आपल्याला माहीत आहे, विकणाऱ्याला नाही. त्याच्या न कळण्यातून आपल्याला नफा होतो. हा व्यवहार हलाल कसा?

मिस्त्री म्हणाले, त्याने भाव सांगितला, आपण दिला, झाला सौदा. लुबाडले कुठे? तेव्हा मास्टरसाहेबांनी इमाम अबू हनिफा यांच्याविषयी सांगितली जाते ती गोष्ट सांगितली. इमामसाहेब एवढे मोठे फकीह, पण पोटापाण्यासाठी कुफ्यात रेशमी कापडाचा व्यापार करत. एक बाई रेशमी वस्त्र विकायला घेऊन आली. किंमत विचारली तर शंभर म्हणाली. ते म्हणाले, याची किंमत याहून जास्त आहे. तिने शंभर वाढवले. ते म्हणाले, अजून जास्त. असे करत ती चारशेवर आली, तरी त्यांचे तेच. बाईला वाटले, थट्टा चालली आहे. त्यांनी जाणकार माणूस बोलावून मोल करवले आणि पाचशेला ते वस्त्र घेतले. विकणाऱ्याने खोट लपवू नये हे आपण सगळेच जाणतो. घेणाऱ्याने गुण लपवू नये, हा त्याच्या पलीकडचा मुक्काम.

"हम अबू हनिफा नहीं हैं, मास्टरसाब," मिस्त्री म्हणाले, "हमारी जेब भी वैसी नहीं।"

हा वाद आठवडाभर चालला. पाचशेची वस्तू पाचशेलाच घ्यायची तर आमच्यासारख्यांनी घरी बसावे. शेवटी एक मधली वाट निघाली. वस्तू काय आहे, कुठली आहे, कशासाठी केलेली आहे आणि मुंबईत साधारण काय येईल, हे आम्ही विकणाऱ्याला आधी सांगतो. मग त्याला विचारतो, तुला किती हवे? बहुतेक जण विचार करून जरा वाढवतात आणि देतात. मुंबई लांब आहे, गिऱ्हाईक कोण शोधणार, आज संध्याकाळी तेल-मीठ न्यायचे आहे. यातही त्याची अडचण आपल्या उपयोगी पडतेच, हे आम्हाला दिसते. अडलेल्याकडून घेतलेल्या वस्तूला पूर्ण स्वच्छ भाव असा नसतोच की काय, हा प्रश्न सुटलेला नाही. पण निदान त्याला अंधारात ठेवून घेतलेले नसते. काही वेळा उलटेही होते. हल्ली भंगारवाल्याचा पोरगा मोबाइलवर फोटो काढून बघतो आणि चीनच्या पन्नास रुपयांच्या चाकूचे पाच हजार मागतो. त्यालाही आम्ही खरे तेच सांगतो. तो विश्वास ठेवत नाही.

या रीतीची खरी परीक्षा मोर्शीच्या बाजारात झाली. मोर्शी-वरूड म्हणजे संत्र्याचा मुलूख. बाजाराच्या कडेला एक म्हातारबा बसले होते. समोर पोत्यावर बागेतली अवजारे : दोन खुरपी, फवारणीच्या पंपाचे नळकांडे, एक कात्री आणि एक मिटवलेला चाकू. मिस्त्रींनी यावेळी पाना उचलायचे नाटक केले नाही, सरळ चाकूच घेतला. शेफील्डच्या सेनॉरचा कलमचाकू. पाते झिजून निम्मे झालेले, पण कमान जिवंत आणि हाडाची जीभ शाबूत. अशा अवस्थेतला कलमचाकू आम्ही पूर्वी पाहिला नव्हता.

"कितीले देता बाबाजी?"

"द्या वीस रुपये."

बाग कुठे, असे विचारले. पाणी खोल गेले, झाडे वाळली, तोडून टाकली, असे ते सांगत होते, पाऊस येऊन गेला हे सांगावे तशा आवाजात. चाळीस वर्षे त्यांनी याच चाकूने डोळे भरले होते. जंभेरीच्या खुंटावर इंग्रजी 'टी' अक्षरासारखा छेद द्यायचा, हाडाच्या जिभेने साल अलगद उचलायची, संत्र्याचा डोळा आत सरकवायचा आणि पट्टी बांधायची. लोखंडी टोकाने साल उचलली तर आतला गर दुखावतो, म्हणून हाड. हे त्यांनी आम्हाला रिकाम्या हातांनी करून दाखवले. चौथा रकाना त्यांनीच भरला.

खिशात वीस रुपये होते. दोनशेही होते. मिस्त्रींनी मास्टरसाहेबांकडे पाहिले. मास्टरसाहेबांनी उकिडवे बसून सांगायला सुरुवात केली. बाबाजी, हा चाकू इंग्लंडचा. या कंपनीचे बागकामाचे चाकू जगभर नावाजलेले. शौकीन माणूस भेटला तर मुंबईत याचे हजार रुपये सहज येतील, जास्तही येतील. आम्ही एवढे देऊ शकत नाही. तुम्ही सांगा, काय द्यायचे?

म्हातारबांनी चाकू मास्टरसाहेबांच्या हातातून परत घेतला. उघडला, मिटवला. पुन्हा उघडला.

"हजार? या चाकूचे?"

"हो."

"एवढा मोलाचा हाये त मंग मी कायले इकू?" ते म्हणाले. "नातू शेंदुरजन्याले नर्सरीत कामाले जाते. कलमा बांधते. त्याच्यापाशी तो बजारातला चाकू हाये, दोन दिवसांत धार जाते त्याची. हा त्यालेच देतो." आणि बंडीच्या खिशात चाकू ठेवून दिला.

मग आमच्याकडे बघत म्हणाले, "तुमी सांगतलं नसतं त वीस रुपयांत गेलता."

मिस्त्रींनी हात पुढे केला आणि चाकू पुन्हा मागितला. म्हातारबा क्षणभर थांबले, मग दिला. मिस्त्रींच्या पिशवीत तेलाचा दगड असतोच. तिथेच पोत्याच्या कडेला मांडी घालून त्यांनी धार लावली. कलमचाकूची धार एकाच अंगाने लावायची असते. दुसरे अंग सपाट राहिले पाहिजे, तरच छेद सरळ जातो. म्हातारबा शेजारी बसून पाहत होते आणि हात जरा वर-खाली झाला की "हं, असा" म्हणत होते. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, आवाज आला, 'खट्'. त्यांनी चहा मागवला. पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत.

एसटीत मिस्त्री म्हणाले, "मास्टरसाब, आप की वजह से गया।" रागाने म्हणाले नाहीत, पण हळहळ होती. ती आम्हा तिघांनाही होती. तसा चाकू पुन्हा दिसलेला नाही, आणि वीस रुपयांत तर दिसणारच नाही.

आमच्या पेटीत आज एकूण एकेचाळीस चाकू आहेत. सगळ्यांना मिळून आम्ही जेवढे खर्च केले तेवढ्यात एक बऱ्यापैकी मोबाइल आला नसता. आमच्यानंतर त्यांचे काय, हे बोलणे निघते. मुलांना रस नाही. एक पुण्याला, एक आखातात, एकाचे इथेच मोटारसायकलच्या सुट्या भागांचे दुकान. मास्टरसाहेब म्हणतात, पेटी वहीसकट द्यायची, वहीविना द्यायची नाही. वही हरवली की ते एकेचाळीस चाकू पुन्हा दोन-अडीच किलो लोखंड होतील आणि पुन्हा तराजूत जातील. कुणाच्या तरी हाती लागल्यावर तो माणूस कोण आहे, त्याचे नाव काय, यावर ते कधी शस्त्र ठरतील, कधी भंगार ठरतील. ते काय आहेत हे फक्त चौथ्या रकान्यात लिहिलेले आहे. लेखणी तासण्यासाठी. दोरखंडाची गाठ सोडवण्यासाठी. गाठीची सुतळी तोडण्यासाठी. फळ सोलण्यासाठी. डोळे भरण्यासाठी.

वही चाळताना एका पानावर एकच नोंद अशी आहे की जिचा चाकू पेटीत नाही. तारीख लिहिलेली आहे. कुठे मिळाला : मोर्शी बाजार. काय दिले, या रकान्यात रेघ. काम : संत्र्याचे डोळे भरणे. शेऱ्याच्या रकान्यात मास्टरसाहेबांच्या वळणदार अक्षरात दोन शब्द आहेत : कामावर आहे.